कवचांचा जटापाठ

बदलापूर,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८७८
(सन १९५६)

चि. उमा हीस चिंतामणीचे अनेक आशीर्वाद. श्रीकृपेने येथे सर्व क्षेम आहे. तुझे क्षेम संध्येनंतर नित्य मागतो.

उत्तरास विलंब झाला. प्रथम मला पडसे होते, मग पाठशाळेतील मुलांची परीक्षा आली. तुझ्यासाठी उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातून लोकरीचा स्वेटर आणला आहे. विलायतेस पाठवायचा म्हणताच सिंधी दुकानदाराने हातातला काढून घेतला. "साईं, ये नहीं चलेगा," म्हणत त्याने आतून दुप्पट जाड दिला.

मोळी घेऊन येणाऱ्या पुतळाबाईने परवा तुझ्या सासूबाईंना विचारले, "वयनी, सून दर्याच्या चिखलात काय शोधते गो? चिखल तं आमच्या खाचरात बी हाय!"

तिला मीच समजावले. समुद्रतळाचा गाळ नळीने थरांसकट वर काढतात. त्यात कणीहूनही बारीक जिवांची कवचे असतात. जीव थंड पाण्यात वाढला असेल तर कवचात जड प्राणवायूचा अंश किंचित अधिक, उबदार पाण्यात किंचित कमी. तो मोजून आमची उमा लक्ष वर्षांपूर्वीचा समुद्र किती थंड होता ते सांगते.

"म्हंजे मेलेल्यांचा ताप बघते म्हना की!"

तुझ्या सासूबाई मनापासून हसल्या. आपला गुरुदत्त गेल्यानंतर या घराने ते हसू फार थोडे ऐकले आहे.

आता तुझा प्रश्न. मोजण्याआधी कवचे भाजताना भट्टीचा ताप कमी पडला, कवचांत मृत जिवाचा अंश राहिला, आणि आकडे चुकले. तेच आकडे तुझ्या प्रयोगशाळेचे प्रमुख विद्वत्सभेत वाचणार आहेत. चूक सांगितलीस तर शिष्यवृत्ती थांबेल आणि परतावे लागेल. न सांगितलीस तर कोणासही कळणार नाही. "मामंजी, काय करू?"

चूक सापडली कशी, तेही तू लिहिलेस. प्रत्येक थरातली उरलेली कवचे नीट भाजून तू शेवटाकडून आरंभाकडे पुन्हा मोजलीस. वेदांच्या जटापाठात पदे सुलट, उलट, पुन्हा सुलट म्हणतात, ती यासाठीच की एकही पद ढळू नये. हे तुला कोणी शिकवले नव्हते. मी ओसरीवर मुलांना संथा देत असताना तू माजघरात तांदूळ निवडीत असायचीस, आणि तुझे ओठ हलताना मी पाहिले होते. तुला थांबवले मात्र नाही. ती बुद्धी दिल्याबद्दल आज देवाचे आभार मानतो.

विलंबाचे खरे कारण मात्र पडसे नव्हे. उत्तर मला पत्र वाचतानाच ठाऊक होते. लेखणी उचलली आणि ध्यानी आले की या उत्तराने तू घरी येशील. आणि माझे मन हर्षले. धर्म सांगणाऱ्याचा त्यात लाभ नसावा. म्हणून लोभ ओसरण्याची वाट पाहिली. तो ओसरला नाही. तेव्हा तो असतानाच लिहितो: सांग. सभेपूर्वी, स्वतः जाऊन सांग. त्यांनी ठेवून घेतले तर निःशंक राहा. आमच्या वयाकडे पाहू नकोस. परत पाठवले तरी मान ताठच असू दे.

मुलगा गेल्यावर सुनेने सासऱ्याचे मत घ्यावे असे कोणते बंधन उरते? तरी सागरापलीकडून तू मला विचारलेस. जन्मभर शास्त्र सांगितले. ते ज्याला खरोखर हवे होते असे माणूस मला या वयात भेटले.

पत्र वाचून दाखवले तेव्हा तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "एवढं लांबलचक लिहिलंत, त्यात माझं एक 'ये' घाला."

त्यांचे 'ये' येथे घातले आहे. माझे घातलेले नाही.

तुझ्या प्रश्नाने धन्य झालेला,
मामंजी