मला न विचारता दिलेला माझा होकार मागे घेण्याबाबत

विषय: ओट्याखालचा एक ट्रे. दर्शनी भिंतीवरचा फोटो, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा. सभागृहातल्या टाळ्या. आत्याने गल्लीभर करून टाकलेली बातमी. बोलेनासा झालेला वर्गमित्र. "स्वीकृती कळविण्यात येत आहे" हे वाक्य.

(विषय एकाच ओळीत लिहावा अशी सूचना आपल्या दारावर लावलेली आहे. ओळ लांबली, पण विषय एकच आहे.)

प्रति,
कक्षप्रमुख,
विद्यार्थी संशोधन कक्ष,
पहिला मजला, जिन्यालगतची खोली.

संदर्भ: खुलासा मागणारा आपला कागद. तो मला तास चालू असताना शिपायाकरवी देण्यात आला. मी तो वाचून होईपर्यंत सरांनी शिकवणे थांबवले व वर्गानेही श्वास रोखून सहकार्य केले.

महोदय,

१. मी पदार्थविज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यंदाच्या उन्हाळी संशोधनासाठी मला दोन ठिकाणांहून बोलावणे आले. एक ठिकाण आपण जाणता: ती मोठी संस्था, जिचे नाव घेताना आपण खुर्चीत किंचित ताठ बसता. दुसरी एक छोटी प्रयोगशाळा आहे. तिथे एक संशोधक बाई, त्यांचे दोन विद्यार्थी आणि पुष्कळ ट्रे आहेत. ट्रेमध्ये पांढऱ्या पुडीचा चिखल वाळत ठेवतात व तो कसा तडकतो ते पाहतात. मला तिथे जायचे आहे. त्यासाठी आपले ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि ते शुक्रवारपर्यंत पोहोचले नाही तर ती जागा जाईल. अर्ज खरे तर इथेच संपतो. पुढचे आपण मागितले म्हणून लिहीत आहे.

२. आपल्या महाविद्यालयात एक रीत आहे. मोठ्या संस्थेचे पत्र आले की ते आपल्या कक्षात उघडले जाते. त्याच दिवशी कक्षाकडून "स्वीकृती कळविण्यात येत आहे" असा होकार जातो. मग दर्शनी भिंतीवर फोटो लागतो, आणि त्यानंतर विद्यार्थ्याला सभागृहात बोलावून टाळ्यांनी त्याचे अभिनंदन होते. या क्रमात विद्यार्थ्याला विचारण्याची पायरी नाही. ती कुणी मुद्दाम काढली, असे माझे म्हणणे नाही. आजवर कुणी नाही म्हटले नाही, म्हणून ती बांधायचीच राहून गेली. माझी निवड झाल्याचे मला पाण्याच्या नळापाशी पहिल्या वर्षाच्या एका मुलीकडून कळले. मी जाणार आहे, हेही तिनेच सांगितले.

३. "इतकी मोठी संधी नाकारण्यामागे कोणाची फूस आहे?" असे आपण कागदात विचारले आहे. फूस एका प्रश्नाची आहे.

मोठ्या संस्थेच्या मुलाखतीत पाच जण होते. त्यांनी मला नीट वागवले, हे नमूद करते. एक तयार प्रोग्रॅम रोज चालवायचा, तापमानाचे आकडे बदलत जायचे आणि तक्ता भरायचा, असे काम त्यांनी समजावून सांगितले. मी विचारले, उत्तर काय येईल? त्यांच्यातले एक हसून म्हणाले, "त्याची चिंता नको, ते साधारण ठरलेलंच आहे."

छोट्या प्रयोगशाळेच्या मुलाखतीत संशोधक बाई एकट्याच होत्या व त्यांच्या बाहीला पांढरे डाग होते. त्यांनी विचारले, "ओला चिखल ट्रेमध्ये थोडा वेळ एकाच दिशेने हलवला आणि मग ठेवून दिला. वाळल्यावर चिरा कशा पडतील?" मी म्हणाले, कशाही पडतील, हलवणे तर केव्हाच थांबले आहे. त्या म्हणाल्या, "नाही. हलवल्याची दिशा चिखल लक्षात ठेवतो." मी विचारले, का? त्या म्हणाल्या, "माझं पूर्ण समाधान होईल असं कुणी अजून सांगितलेलं नाही. मलाही माहीत नाही. येतेस का, बघू या."

महोदय, मी या महाविद्यालयात तीन वर्षे शिकते आहे. "मलाही माहीत नाही" हे वाक्य मला इतक्या मोकळेपणाने याआधी कुणी ऐकवलेले नाही. हा आपल्यावर आरोप नाही. परंतु तो आरोप वाटत असल्यास माझी हरकत नाही.

४.




(खुलाशाच्या छापील नमुन्यात चौथा परिच्छेद दिलगिरीसाठी आहे. तो भरल्याशिवाय खुलासा स्वीकारला जात नाही, असे खिडकीवर सांगण्यात आले. परिच्छेद ठेवला आहे. मजकूर नाही.)

५. आपल्या कक्षातले मोठे बाबू मला समजावण्यासाठी दोनदा बाहेर आले. पहिल्यांदा म्हणाले, "अगं, जाऊन तर ये. पहिल्या आठवड्यात पोट दुखतंय म्हण आणि परत ये. फोटो तर राहील!" मी म्हटले, फोटोच काढून टाका. त्यावर त्यांनी आत जाऊन विचारले व परत येऊन सांगितले की फोटो लावण्याचा अर्ज आहे, काढण्याचा नाही. वर्ष संपले की तो आपोआप उतरतो. तसेच, फोटो भिंतीवर असताना मी दुसरीकडे गेले तर भिंतीवरची माहिती खोटी ठरेल व ती जबाबदारी माझ्यावर येईल. म्हणजे भिंत खरी राहावी म्हणून मी जायचे आहे. बाबूंचा सूर प्रेमाचा होता. त्यांनी मला बसायला खुर्चीही दिली. म्हणून हे जास्त अवघड गेले.

६. ज्या वर्गमित्राला आम्ही सगळे 'कंपास' म्हणतो, तो मोठ्या संस्थेच्या प्रतीक्षायादीत पहिला आहे. आकडे, तक्ते, प्रोग्रॅम हे त्याचे खाणे-पिणे आहे. तो त्या जागेसाठी मनापासून झुरतो. आपण माझ्या नावाने दिलेला होकार त्याच्या वाटेत आडवा पडून आहे. परवा मधल्या सुट्टीत तो सगळ्यांसमोर मला म्हणाला, "तुला नकोय आणि मला मिळू देत नाहीस. एवढा कसला गं तोरा?" मी सांगितले की होकार मी दिलेलाच नाही. तो म्हणाला, "मग खाली नाव कोणाचं आहे?"

नाव माझे आहे. सही आपली आहे. त्याला काय उत्तर द्यावे ते आपण लेखी कळवावे, मी त्याला वाचून दाखवीन.

क्रमांक नसलेला परिच्छेद. (घरचे लिहू नये असा नियम आहे. परंतु आपण माझ्या घरी फोन केलात, तेव्हा घर आता प्रकरणात आहे.) आपला फोन आत्याने घेतला. तेव्हापासून ती म्हणते, "चिखल बघायला गाव सोडून कशाला जायचं? आपल्या दारात काय कमी आहे?" हा विनोद चांगला आहे, मीही हसले. आईने विनोद केला नाही. मी खडूची पूड कालवून ओट्याखाली ट्रे ठेवला, तेव्हा ती फक्त म्हणाली, "स्वयंपाकघरात मला हे चालणार नाही." पण ट्रे तिने हलवला नाही. तो पुसायच्या फडक्यापासून लांब राहील अशा बेताने ती फरशी पुसते. वाळायला लागल्यावर तिनेच मला हाक मारली: "ये लवकर, फुटतंय." आम्ही दोघी जमिनीवर पालथ्या पडून पाहत होतो. चिरा हलवल्याच्या दिशेला आडव्या गेल्या. आईने विचारले, "ह्याला कसं कळलं?" मी म्हटले, माहीत नाही. ती म्हणाली, "मग जा."

मला घरातून मिळालेली परवानगी ती एवढीच. ती तोंडी आहे.

७. मोठ्या संस्थेचे नाव पुढे आयुष्यभर उपयोगी पडते, विद्यावेतनही जास्त आहे, आणि छोट्या प्रयोगशाळेतून उन्हाळ्याअखेरी मी तडकलेली माती घेऊन हात हलवत परत येऊ शकते. हे सर्व मला ठाऊक आहे. आपण ते मला पुन्हा सांगावे यासाठी हा अर्ज नाही. कुठे जायचे हा निर्णय झालेला आहे, तो मी केलेला आहे, आणि तो चुकला तर ती चूकही माझीच राहील. तिच्यावर कक्षाचा शिक्का नको.

तरी आपण (अ) माझ्या वतीने परस्पर दिलेला होकार, तो परस्पर दिला होता असे स्पष्ट लिहून, मागे घ्यावा. (ब) ना हरकत प्रमाणपत्र शुक्रवारपूर्वी द्यावे. (क) हरकत असल्यास तीही लेखी द्यावी, कारण तोंडी हरकत मला ऐकू येत नाही.

प्रमाणपत्र न मिळाल्यास मी उन्हाळाभर घरी ट्रे मांडीन. मोठ्या संस्थेत जाणार नाही.

आपली, नम्रतेपुरती नम्र,
(सही, या खेपेला माझीच)
पदार्थविज्ञान, तिसरे वर्ष
बुधवार

सोबत:
छोट्या प्रयोगशाळेचे पत्र.
प्रमाणपत्राचा नमुना, आपली सही व शिक्का सोडून पूर्ण भरलेला.
वाळलेल्या थराचा एक तुकडा, कापसात गुंडाळून. आवक शिक्का यावर मारू नये.

मोठ्या संस्थेला मी स्वतः लेखी नकार कळवला, तो आपला कागद वर्गात येण्याच्या आदल्या दिवशी. तो पक्का व्हायला आता फक्त आपला होकार मागे यायचा आहे.