दुकानात मिळणारं काडतूस

डार्बी, मॉन्टाना
९ ऑगस्ट

प्रिय मॅरन,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. वणव्याचा धूर यंदाही खोऱ्यात उतरलाय, समोरचा डोंगर दिसत नाही. खोकला काय, सगळ्या गावालाच आहे. शेजारच्या व्हर्नाने हकलबेरीचा जॅम दिला होता. अर्धा तुझ्यासाठी ठेवणार होतो, ते काही जमलं नाही.

आता तुझ्यासाठी बनवतोय त्या रायफलीचं. नळी आली, सरळ आहे, मनासारखी आहे. तू लिहितेस, "काडतूस अर्थातच तुमचं." वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मोठ्या काडतुसाच्या पितळी पुंगळीची मान आवळून मी ते काडतूस बनवलं तेव्हा गावाने मला वेड्यात काढलं होतं. नंतर तेच लोक रांग लावून आले. पण खूप विचार करून सांगतो, तू सात मिलिमीटरचं साधं मॅग्नम काडतूस घे.

माझी गोळी लांबवर कमी खाली पडते, हे खरं. पण दरीपलीकडे उभ्या एल्क हरणापर्यंत जाताना दोन्हींत फरक पडतो वीतभराचा, आणि ती वीत रायफलीवरच्या दुर्बिणीची चकती फिरवून भरून काढता येते. मॅग्नमचा खांद्याला बसणारा धक्काही कमी. तू धक्क्याला घाबरत नाहीस, ठाऊक आहे. चाप ओढताना डोळे मिटणारे सगळे हेच सांगतात. शिवाय माझं काडतूस एकेक करून हाताने भरावं लागतं, हे कुठेही मिळतं. तुमच्या एल्कोत तर ब्रेडच्या शेजारी ठेवत असतील.

ऑरिन आठवतो ना, ज्याने मला लेथवर उभं करून हे काम शिकवलं? त्याचंही स्वतःचं काडतूस होतं. बंदुकीची कुठली दारू, किती घालायची, सगळं त्याच्या डोक्यात. तो गेला आणि त्याची गिऱ्हाइकं रिकाम्या पुंगळ्या घेऊन माझ्या दारात आली. मी खटपट केली, पण ऑरिनसारखं जमलं नाही. त्यातल्या डेल हॅन्सनची रायफल आता घरातल्या शेकोटीच्या वर भिंतीला टांगलेली आहे, तिला तो टोपी अडकवतो. इतकी देखणी नळी, आणि टोपी अडकवायला.

असो. तुला काय वाटतं ते कळव. फार वेळ लावू नकोस. नाताळात बोलू म्हणशील, तर तेवढं थांबायला नको.

तुझा,
बाबा


एल्को, नेव्हाडा
१७ ऑगस्ट

बाबा,

दुकानातलं काडतूस म्हणजे डबाबंद सूप, असं म्हणणारे तुम्हीच ना? "साधं मॅग्नम बसवून द्या" म्हणणाऱ्या त्या बोझमनच्या वकिलाला तुम्ही दारातूनच वाटेला लावलं होतंत. मी तेव्हा खिडकीत बसून हसत होते. आणि आता पोटच्या पोरीला डब्यातलं सूप?

पत्र परत वाचलं आणि व्हर्नामावशीला फोन लावला. म्हटलं, "बाबा बरे आहेत ना?" तर म्हणते, "मला काही विचारू नकोस बाई, मी शब्द दिलाय." झालं. पुढे विचारायचं काय राहिलं?

फुप्फुसं आहेत ना? धुराचं मला सांगू नका. मी खाणीत काम करते, धुळीचा खोकला आणि दुसरा खोकला मला कळतो.

ऐका. रायफल तुमच्याच काडतुसाची बनवा. मी रजा टाकून येते. पुंगळीची मान आवळायची, दारू तोलायची, सगळं शिकून घेते. माझी रायफल शेकोटीवर टांगली जाणार नाही. मी डेल हॅन्सन नाही.

इतक्या मोठ्या पत्रात ऑरिनबद्दल लिहिलंत. स्वतःबद्दल एक ओळ लिहायला काय झालं होतं?

मॅरन


डार्बी
२५ ऑगस्ट

मॅरन बाळा,

व्हर्ना येऊन गेली. "मी तुझ्या पोरीला एक अक्षर सांगितलं नाही," म्हणाली.

"शब्द दिलाय, हे सांगितलंस ना?"

"मग? खोटं बोलू? आणि अ‍ॅन्सेल, तू काय मोठं लपवत होतास? अख्खं गाव तुझा खोकला ऐकून घड्याळ लावतं!" आणि मग माझ्याच स्वयंपाकघरात बसून रडली. कॉफी मला करावी लागली.

हो, फुप्फुसं. मिझूलाच्या डॉक्टरबाई म्हणतात, शिकारीचा हा हंगाम बहुतेक मिळेल. पुढच्या हंगामाबद्दल विचारलं की त्या कागद चाळायला लागतात. तुला सांगितलं असतं, तर तू मला सांभाळायला धावत आली असतीस. कितीतरी दिवसांनी तू माझ्याकडे काहीतरी मागितलं होतंस. मला गिऱ्हाईक हवं होतं, नर्स नको होती. आणि भीती वाटते गं. सकाळी दुकानाचं कुलूप काढताना सगळ्यात जास्त वाटते.

काल चेंबर, नळीतलं काडतूस बसायचं घर, कापलं. तुझं पत्र खिशात होतं. आधी माझ्याच काडतुसाचा रीमर, ते घर कोरायचं हत्यार, लेथला लावला, तेलही सोडलं. तू शिकशील यात मला शंका नाही, हात तुझा माझ्यापेक्षा हलका आहे. पण मग दर हिवाळ्यात तू एकटी टेबलाशी काडतुसं भरत बसशील, बापाचं काडतूस जिवंत राहावं म्हणून. कधी कंटाळशील, कधी हवी ती पुंगळी बाजारात मिळणार नाही, आणि त्या दिवशी तुला वाटेल की बापाला टाकलं. असलं ओझं मी तुझ्या रायफलीला बांधून देणार नाही.

तो रीमर काढून पुसून ठेवला आणि सात मिलिमीटरचा लावला. चिडशील. चीड. कापलेलं पोलाद आता परत भरून येणार नाही.

माझं काडतूस माझ्याबरोबर जाऊ दे. त्यात वाईट काही नाही, त्याने पुष्कळ घरांचे फ्रीज भरले. तू मात्र पुढची कितीतरी वर्षं त्या दरीच्या काठावर एल्कची वाट पाहत पडून राहा, आणि तुझ्या रायफलीला कुणाही मेलेल्या माणसाची गरज पडू नये.

रजा टाकणारच आहेस, तर ये. शिकायला येऊ नकोस, नुसती ये. भयंकर धूर आहे, पण सप्टेंबरात तो निवळतो. रायफलीचा लाकडी दस्ता अजून कापायचा आहे, आणि तो मला तुझ्या खांद्याला लावून कापायचाय.

येताना वाटेत काडतुसं घे. कुठल्याही दुकानात मिळतील.

तू येईपर्यंत इथेच असलेला,
बाबा