हॅदरक्लफची राखीव गोलकीपर

३१ ऑगस्ट, रविवार
रोजनिशी सुरू. कुणाला दाखवायची नाही.
आमचा हॅदरक्लफचा बायकांचा संघ पहिल्यांदाच इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये खेळणार. गेल्या वर्षी खालून वर आलो तेव्हा गोलमध्ये मी होते. वय पस्तीस, पण गोलकीपर लोणच्यासारखी असते, मुरावी लागते.
क्लबने स्वीडनहून इल्वा नावाची पोरगी आणली आहे. एकवीस वर्षांची, ताडमाड उंच, तीही गोलकीपर. सगळ्यांना वाटलं मी हबकेन. अजिबात हबकले नाही. तिला शिकवायला कुणीतरी अनुभवी लागणारच. आमची मॅनेजर मोराग म्हणाली, सुरुवातीला इल्वाला खेळवून बघू. 'सुरुवातीला' हा शब्द मी नीट ऐकला आहे.
संकल्प : उद्यापासून चिप्स बंद. ग्रेव्हीही बंद.

७ सप्टेंबर, रविवार
पहिली मॅच, लंडनला. चार-शून्य हरलो. मी बेंचवर.
चारही गोल मी अडवले असते. पहिला तर बसल्या बसल्या. पेपरवाले लिहितात इल्वाने डझनभर अडवले. पण इतके बॉल आपल्यापर्यंत येऊ देणं हीच मुळात चूक. चांगल्या गोलकीपरकडे बॉल फिरकतच नाही. माझ्याकडे आज दिवसभरात एकही आला नाही.
परतीच्या वाटेवर बस थांबली तेव्हा चिप्स खाल्ल्या. टीम-स्पिरिट म्हणून.

५ ऑक्टोबर, रविवार
पहिला पॉइंट! एक-एक.
मॅचआधी इल्वाला बॉल मारून सराव द्यायचं काम माझ्याकडे आहे. जबाबदारीचं काम. आमचा गोलकीपर-कोच नाइजेल म्हणाला, जरा जोरात मार. मी मुद्दाम हळू मारते, पोरीचा आत्मविश्वास वाढायला हवा. एक बॉल स्टँडमध्ये गेला आणि एका आजोबांचा चहा सांडला. तोही तसा मुद्दामच. गर्दीची सवय व्हायला हवी तिला.
मॅच चालू असताना मी बेंचवरून सतत सूचना देते. नंतर इल्वा आपणहून आली आणि म्हणाली की तुझं ओरडणं मला पार दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येतं. मी म्हटलं, त्यात आभार कसले. नाइजेलचं म्हणणं, ती तक्रार होती. नाइजेलला स्वीडिश लोक कळत नाहीत.

२ नोव्हेंबर, रविवार
पाच-एक. आमच्या बाजूने एक.
आईला म्हटलं, एकदा तरी ग्राउंडवर ये. ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला बसलेली बघायचीय तर घरी बघते की. इथं निदान हीटर आहे."
आई मला फार जपते, पण तिला ते बोलून दाखवता येत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
बातमी! रविवारी कपची मॅच. कपमध्ये राखीव गोलकीपरला खेळवायची पद्धत आहे, आणि मोरागने सगळ्यांसमोर सांगितलं, "शेरिल, रविवारी तू." कॅप्टन टेगनने टाळ्या वाजवल्या. पोरी 'आजी, आजी' ओरडल्या. मला आजी म्हणतात. आदराने.
नवे ग्लोव्ह्ज काढले. घालून चहा करून पाहिला. पकड उत्तम. कप फुटला तो ग्लोव्ह्जमुळे नाही, कपाचा कानच कच्चा होता.

२९ नोव्हेंबर, शनिवार
बर्फ. ग्राउंड पांढरंफेक. मोरागचा निरोप आला, मॅच बहुतेक रद्द होईल.
होणार नाही. मी बघते कशी होते ती.

३० नोव्हेंबर, रविवार
उजाडताच फावडं घेऊन ग्राउंडवर गेले. गोलसमोरचा बर्फ एकटीने उपसला. मग वाटलं, दुसरं टोकही करावं. हाफटाइमनंतर आपल्याला तिकडेच उभं राहायचं आहे. ग्राउंड सांभाळणारा रॉजर आला आणि म्हणाला की अगं, आमचं मशीन येतंय दहा मिनिटांत. मी म्हटलं, माणसाच्या हाताची सर मशीनला नाही.
रेफरीने ग्राउंड पाहिलं. म्हणाला, गोलसमोरची जागा एक नंबर झाली आहे, मॅच होणार.
त्याच क्षणी मी फावडं ठेवायला वाकले ती वर आलेच नाही. कंबर धरली. चौघींनी मला आहे त्याच आकारात उचलून टेबलवर ठेवलं.
इल्वा खेळली. एक-शून्य हरलो. मॅच संपल्यावर तिने येऊन सांगितलं की इतकी छान जागा तिला या देशात अजून मिळाली नव्हती.
ते श्रेय माझं.

११ जानेवारी, रविवार
कंबर ठीक. बेंचही आता ओळखीचा झाला. उजव्या कोपऱ्यात वारा कमी लागतो. खालून दुसऱ्या नंबरवर आहोत. शेवटचा जो असेल तो एकच संघ खाली जातो. म्हणजे तसं पाहिलं तर आरामात आहोत.
संकल्प : जर्मन शिकायची. तिकडच्या क्लबांना अनुभवी खेळाडू लागतात.

३ फेब्रुवारी, मंगळवार
मोरागने ऑफिसमध्ये बोलावलं. दार लावलं. पुढच्या वर्षाचं बोलायचंय म्हणाली. बिस्किटं पुढे केली, आणि मोराग कुणालाही बिस्किटं देत नाही. मग विचारलं की लहान मुलींना गोलकीपिंग शिकवायचा विचार कधी केलास का. तुझा स्वभाव त्याला चांगला आहे, पोरींना तू आवडतेस, आणि शरीर काही कायमचं साथ देत नाही.
मला लगेच कळलं. ती मला कॅप्टन करणार आहे. आधी माणूस नेतृत्वाला तयार आहे का ते चाचपून बघतात. शरीराचं बोलली ते टेगनच्या गुडघ्याबद्दल.
मी म्हटलं, माझ्याकडून होकार समज. मोरागच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली की तू इतक्या समजूतदारपणे घेशील असं वाटलं नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार
बसमध्ये कॅप्टनसारखं भाषण करून पाहिलं. टेगनने हेडफोन घातले. बिचारी. अजून तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही.
तीन-शून्य हरलो.

२२ मार्च, रविवार
विचित्र प्रकार. संघात गालगुंडं आली आहेत. आधी टेगन, मग बचावातल्या दोघी बॅक, मग फिजिओ. ड्रेसिंगरूममध्ये सगळ्यांची तोंडं भोपळ्यासारखी. मला लहानपणीच होऊन गेलीत, त्यामुळे मी ठणठणीत.
इल्वाची मात्र काळजी वाटते. रोज तिच्या गालांकडे बघते.

२९ मार्च, रविवार
इल्वाचे गाल जैसे थे. टेगनची चौकशी करून ये, जवळ बसून गप्पा मार, असं मी तिला सुचवलं. निव्वळ माणुसकी म्हणून. इल्वा म्हणाली, तिने लहानपणीच लस घेतली आहे. गेलीही आणि दोन तास बसून आली.
स्वीडनचं आरोग्य खातं फारच चोख. अति चोख.

३ मे, रविवार
आता तळाला आहोत. हिशोब सोपा आहे. शेवटची मॅच आपण जिंकायची आणि आपल्या लगेच वर असलेल्या सँडली संघाने हरायचं, म्हणजे वाचलो. गालगुंडं उतरली तर टेगनचा गुडघा गेला; खेळायला धड अंगाच्या तेराच उरल्यात, मी धरून. मोरागचे केस महिनाभरात पांढरे झाले. तिला म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हो गं, तू आहेस खरी."

१६ मे, शनिवार
आज झालं ते नीट, क्रमाने लिहायला हवं.
ग्राउंड खच्चून भरलं होतं. आई आली होती, डब्यात सँडविचेस घेऊन. पाहुण्या संघाला जिंकण्या-हरण्याचं काहीच नव्हतं, तरी हट्टाने खेळत होत्या. शून्य-शून्य. तिकडे सँडलीवाल्या हरत होत्या. म्हणजे आम्हाला फक्त एक गोल हवा होता.
हाफटाइमनंतर आमची एक बाहेर गेली, मांडीचा स्नायू. बेंचवर दोघी होतो; त्यातली दुसरी आत गेली. शेवटची पंधरा मिनिटं राहिली असताना सेंटर-फॉरवर्डचा घोटा मुरगळला. मोराग वळली. बेंचवर मी, आणि पाण्याच्या बाटल्या. तिने दोन्हींकडे पाहिलं.
मी ग्लोव्ह्ज चढवले. ती म्हणाली, "ग्लोव्ह्ज काढ, शेरिल. तू पुढे खेळतेयस."
नियमात बसतं. गोलकीपरचा रंग वेगळा, म्हणून टेगनची जर्सी घातली, नंबरावर चिकटपट्टी लावून. दंडात घट्ट होती. मोरागने दोन्ही खांद्यांना धरून सांगितलं की त्यांच्या गोलजवळ जाऊन उभी राहा, बाकी काही करू नकोस, कुणाच्या मध्ये येऊ नकोस.
मी आत गेले तेव्हा सगळं स्टँड उभं राहिलं. हे मी वाढवून लिहीत नाही. सीझनमध्ये पहिल्यांदाच मी मैदानावर होते.
पंधरा मिनिटं मी सांगितलं तिथेच उभी होते. बॉल दोनदा जवळून गेला. वासही आला त्याचा.
शेवटच्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला. मोरागने ओरडून इल्वालाही पुढे बोलावलं, आता गमवायला काय होतं. ती अख्खं मैदान पळत आली. बॉल आला. इल्वा सगळ्यांच्या वर उठली, आणि असा हेडर मारला की तसा मी आयुष्यात पाहिला नाही. त्यांची गोलकीपर आडवी पडलेली. गोल मोकळा. मी गोललाइनवर, पोस्टपाशी, एकटी.
बॉल वरच्या कोपऱ्यात चालला होता.
मी डावीकडे झेपावले. पूर्ण ताणून. दोन्ही हातांनी पकडला, छातीशी घेतला, आणि पडले त्यावर. कंबरही धरली नाही. मनात आलं, सापडला.
मग ग्राउंडवर इतकी शांतता झाली की आईचा डबा बंद केल्याचा आवाज मला ऐकू आला.
रेफरीने शिट्टी वाजवली आणि पिवळं कार्ड दाखवलं. दाखवताना तिने दुसरीकडे बघितलं. मॅच शून्य-शून्य संपली. सँडलीवाल्या हरल्या. आम्ही खाली गेलो.

१७ मे, रविवार
लोक फारच भावनेच्या भरात बोलतात. कॅमेऱ्याचा अँगल फसवा असतो. मी जिथे होते तिथून स्पष्ट दिसत होतं, बॉल पोस्टला लागून बाहेर जाणार होता.
फोन सारखा वाजतोय. तो व्हिडिओ म्हणे ब्राझीलमध्येही बघतायत. टेगनने अंथरुणातून मेसेज पाठवला, फक्त एक टिंब.
आईने तीन वेळा चहा करून दिला.

१८ मे, सोमवार
नवा मुद्दा सुचला. मी गोललाइनवर, म्हणजे मीच ऑफसाइड. म्हणजे गोल धरलाच नसता. नाइजेलला फोन करून सांगितलं. तो म्हणाला की त्यांची एक बॅक दुसऱ्या पोस्टला टेकून उभी होती, आणि गोलकीपर तिथेच पडली होती, त्यामुळे तू ऑफसाइड नव्हतीस. वर म्हणाला, आणि ऑफसाइड असतीस तरी, हात लावला नसतास तर चाललं असतं गं.
नाइजेलला नियम पाठ आहेत, पण खेळ कळत नाही.

१९ मे, मंगळवार
ग्राउंडवर जाऊन उभी राहिले, त्याच पोस्टपाशी. रॉजर गवतावर पाणी मारत होता. त्याने माझ्याभोवतीने मारलं.
मोराग दिसली. तिला विचारलं, पुढच्या वर्षीच्या कॅप्टनचं काय ठरलं. आधी तिला कळेना मी कशाबद्दल बोलतेय. मग कळलं. तिथेच गवतावर बसली आणि मलाही बसवलं. सांगितलं की तुझा करार संपला, शेरिल. मी फेब्रुवारीतच सांगितलं होतं. लहान मुलींना शिकवायचं मात्र अजून आहे, हवं तर.
बिस्किटं आज नव्हती.

२० मे, बुधवार
इल्वा निरोप घ्यायला घरी आली. जर्मनीतला एक क्लब तिला नेतोय. आईने केक कापला.
मला वाटलं रडेल, भांडेल. तिचा तो गोल झाला असता तर पुतळा उभारला असता गावाने. मी तिला पोस्टचं सांगितलं. ऑफसाइडचं सांगितलं. वारा होता तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग बशी खाली ठेवली आणि अगदी मनापासून म्हणाली,
"शेरिल, मी तो खूप वेळा पाहिला. त्या गोलमध्ये मी असते ना, तर मला नसता अडवता आला."
आई खिडकीशी जाऊन उभी राहिली.
इल्वा गेल्यावर मीही पाहिला तो व्हिडिओ. पहिल्यांदाच. तीन वेळा पाहिला.
आत जात होता.