कानामागे लावून पाहिलं नव्हतं

नारायणगाव,
१२ जानेवारी १९९८

ती. ज्योत्स्नाताईस,
यशोधराचा स. जयभीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. शनिवारी माझं पार्लर सुरू झालं. मोहनबाईंच्या कापडदुकानावरची खोली मिळाली. जिना मागच्या गल्लीतून आहे, म्हणजे बाजारातलं कुणी बघेल ही बायकांना धास्ती नको. एक खुर्ची, एक मोठा आरसा आणि पुण्याच्या सहा महिन्यांच्या कोर्सचं सर्टिफिकेट, एवढाच थाट. पाटीवर फक्त ‘यशोधरा’ लिही असं अण्णा म्हणाले. ब्युटी पार्लर हा शब्द अजून त्यांच्या तोंडून निघत नाही. त्यांना मी डी.एड. करून शाळेत बाई व्हायला हवं होतं. आई मात्र म्हणाली, पोरीनं चोरी तर न्हाई ना केली, करू द्या की.

आतापर्यंत पाच जणी भुवया करायला आल्या. कोर्समध्ये एकमेकींवर हात चालवताना काही वाटत नव्हतं. इथं एखादी बाई मान मागे टाकून आपला चेहरा माझ्या हवाली करते ना, तेव्हा मला भीती वाटते. धागा ओढताना मीच श्वास धरून बसते.

ही खोली मिळाली ती टीनामुळं. मोहनबाईंची मुलगी, कॉलेजात माझ्या बाकावर बसायची ती. येत्या बावीस फेब्रुवारीला तिचं लग्न आहे, नगरचे लोक आहेत. नवरीचं सगळं मीच करायचं, असं मोहनबाईंनी सांगून टाकलंय. मी हो म्हणाले खरी, पण पहिलीच नवरी आणि तीही घरमालकिणीची लेक. तू जवळ असतीस तर बरं झालं असतं.

तब्येतीला जप. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
यशोधरा


आहुपे,
१९ जानेवारी १९९८

चि. यशोधरा हिस,
ताईचे अ. उ. आ. आणि जयभीम.

पत्र पोचलं. माझी बहीण भुवया कोरते हे मी इथल्या उपकेंद्रात आलेल्या बायकांना सांगितलं. गावातल्या गेणभाऊंच्या आईनं विचारलं, दुखतं का? मी म्हटलं, थोडं दुखतं. तर म्हणाली, आन मंग पैसं तिनं देयाचे का आमी? सगळ्या जणी पोट धरून हसल्या. तेव्हा इकडं शाखा काढायचा विचार सध्या सोडून दे.

एक गंमत सांगते, अण्णांना बोलू नकोस. गेल्या आठवड्यात ते घोडेगावला तहसील कचेरीत गेले होते. तिथल्या कारकुनाला त्यांनी आपणहून सांगितलं, धाकटीनं नारायणगावात स्वतःचा धंदा टाकलाय. कसला ते सांगितलं नाही, पण सांगितलं.

भीती वाटते म्हणतेस तर वाटू दे. मी नर्स होऊन सहा वर्षं झाली, अजून वाटते. फक्त कुणाच्या घाईला बळी पडू नकोस. जेवणाची आबाळ करू नकोस, उभं राहायचं काम आहे.

आठवण ठेव, आणि दोन ओळी का होईना लिहीत जा.

तुझी,
ताई


नारायणगाव,
४ फेब्रुवारी १९९८

ती. ताईस,
स. जयभीम. वि. वि.

ताई, माझ्या हातून फार वाईट झालं. पोस्टाची वाट बघवत नाही, म्हणून हे पत्र घोडेगावला येऊन तुझ्या गाडीच्या कंडक्टरकडे, जानकूभाऊंकडे देतेय.

काल टीनाला ब्लीच केलं. आज नगरची माणसं साड्या दाखवायला यायची होती, त्याआधी चेहरा उजळ दिसला पाहिजे म्हणून मोहनबाई स्वतः तिला वर घेऊन आल्या. ब्लीच आधी कानामागे थोडं लावून बघायचं आणि दुसऱ्या दिवशी चेहऱ्याला लावायचं, असं आम्हाला शिकवलंय. मी तसं म्हणालेही. मोहनबाई म्हणाल्या, एवढा वेळ कुणाला आहे, तुला येतं ना? येतं ना असं विचारल्यावर नाही येत असं मला म्हणवलं नाही.

चार मिनिटांत टीना ओरडली. मी लगेच पुसलं, पाणी मारलं. पण डावा गाल भाजल्यासारखा लाल झाला आणि संध्याकाळपर्यंत डोळ्याखाली सूज आली. आज त्यावर पाण्यानं भरलेले फोड आहेत. आता आठवतं, लावतानाच तिची कातडी मला वेगळी लागली होती. पातळ, चकचकीत, आतल्या बारीक लाल शिरा दिसत होत्या आणि गालावर लव वाढली होती. ते बघूनही मी थांबले नाही.

टीनाला ताप आहे असं सांगून नगरच्या लोकांना येऊ दिलं नाही. तिचा भाऊ पारस वर आला आणि म्हणाला, बहिणीचं लग्न मोडलं तर पोलिसात देईन. मोहनबाई मला बघून पाठ फिरवतात, त्याचीच मला जास्त भीती वाटते. बाजारात कळलंय सगळ्यांना. आज दोघी जणी यायच्या होत्या, आल्या नाहीत. जिन्यावर पाय वाजला की मी दाराची कडी लावते.

अण्णांना काय तोंड दाखवू? ते नुसते बघतील.

काय करू ते लवकर कळव. रागावलीस तरी माझी राहा.

यशोधरा


आहुपे,
७ फेब्रुवारी १९९८

चि. यशोधरा हिस,
अ. उ. आ.

जानकूभाऊ दोन मिनिटं थांबलेत, घाईत लिहितेय. आधी फोडांचं. ते फोडू नका. स्वच्छ गार पाण्याच्या घड्या ठेवा. हळद, तूप, टूथपेस्ट, कुणी काहीही सांगितलं तरी लावायचं नाही. कातडीच्या डॉक्टरला दाखवायलाच हवं, डोळ्याजवळचं आहे.

आता दुसरं. पातळ कातडी, लाल शिरा, गालावर लव, हे तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. गोरं व्हायला पोरी औषधाच्या दुकानातून एक मलमाची ट्यूब आणून महिनोन्महिने चोळतात. ते औषध खाजेबिजेसाठी आठ-दहा दिवस लावायचं असतं. रोज लावलं की कातडी अशीच होते, मग साधं ऊनही सोसत नाही. टीनाला एकटीला गाठून विचार. ओरडू नकोस, नुसतं विचार.

आणि एक आजवर कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. इथल्या सरूबाईला मी पहिल्याच वर्षी एक इंजेक्शन दिलं होतं. पूर्वी कधी सुईनं त्रास झाला होता का, एवढं विचारायचं राहिलं, कारण बाहेर रांग होती. ती माझ्यासमोर कोसळली. डोंगर उतरून जीपनं घोडेगावला नेईपर्यंत मी तिचा हात धरून होते आणि तिचं नाव घेत होते. वाचली ती. मला भेटली की अजून हसते, आणि मला ते हसू सोसत नाही.

म्हणून तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही. पण सगळी तुझी आहे का, ते बघ.

कडी लावून बसू नकोस. जीव इकडे लागलाय, कळव.

ताई


नारायणगाव,
११ फेब्रुवारी १९९८

ती. ताईस,
स. जयभीम. वि. वि.

तुझं खरं निघालं. टीनाला गाठलं. विचारल्याबरोबर ती रडायला लागली. मुलगी बघायला आले तेव्हा नवऱ्या मुलाची मावशी म्हणाली होती, बाकी सगळं चांगलं आहे, रंगानं जरा कमी आहे. मामेबहिणीनं ट्यूब दिली. साखरपुड्यापासून साडेतीन महिने टीना ती रोज दोनदा लावत होती. घरात कुणाला माहीत नाही. अजूनही लावतेय ताई, त्या भाजलेल्या गालावर! थांबवलं की आग होते म्हणते.

तिनं माझे पाय धरले. आईला सांगू नकोस म्हणाली. नगरला कळलं की ही गोरं व्हायला चोरून मलम लावत होती, तर ते फसवलं म्हणतील आणि लग्न मोडेल. म्हणूनच ती डॉक्टरकडे जायलाही तयार नाही, तिथं विचारतील याची तिला धास्ती आहे. नुसत्या घरच्या घरी घड्या चालू आहेत.

आता सांग. मी बोलले तर माझ्या नावावरचा डाग निघेल, पण तिचं लग्न जाईल. गप्प बसले तर पार्लर गेल्यात जमा. मोहनबाईंनी महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलीय. खालून जाताना दुकानातली एक बाई मला ऐकू जाईल असं म्हणाली, कोणाच्याही हाती तोंड दिलं की असंच व्हायचं. कोणाच्याही म्हणजे कुणाच्या, ते तिनं सांगितलं नाही आणि मला कळायचं राहिलंही नाही. तेव्हापासून टीनाचं सगळं ओरडून सांगावं असं वाटतं. मग तिचा गाल डोळ्यापुढं येतो.

अकरा दिवस राहिले. अन्न गोड लागत नाही. तू म्हणशील तसं करीन.

तुझी,
यशोधरा


आहुपे,
१४ फेब्रुवारी १९९८

चि. यशोधरा हिस,
अ. उ. आ.

तुझी चूक तुझी आहे, ती तू मोहनबाईंना सांग. कानामागे लावून पाहिलं नाही, कातडी दिसूनही थांबले नाही, असं स्पष्ट सांग. टीनाची गोष्ट टीनाची आहे, ती तू बाजारात सांगायची नाहीस. पण डॉक्टरपासून लपवायची नाही, हे तिला बजाव. लग्नापेक्षा डोळा मोठा.

त्या दुकानातल्या बाईचं वाचून माझंही डोकं तापलं. तिला उत्तर द्यायला टीनाचं नाव वापरू नकोस, एवढंच.

मी रजा मागितली होती, मिळाली नाही, इथं लसीकरण आहे. मोहनबाईंकडे तुला एकटीला जावं लागेल. घाबरत जा, पण जा.

सदैव तुझी,
ताई


नारायणगाव,
२६ फेब्रुवारी १९९८

ती. ताईस,
स. जयभीम. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काय होईल तेच कळत नव्हतं.

सोळा तारखेला दुकानात गेले. मोहनबाई कापड मोजत होत्या, पारस गल्ल्यावर होता. उभ्याउभ्या सांगितलं. कानामागे लावून पाहिलं नाही, कातडी दिसूनही थांबले नाही. माझं चुकलं, म्हणाले, पण आता तिला पुण्याला डॉक्टरकडे न्या, मीही येते. पारस उसळला. मोहनबाईंनी त्याला हातानं गप्प केलं, कापडाची घडी घातली आणि सकाळी सातला खाली ये म्हणाल्या. जायच्या आधी टीनाला जिन्यात थांबवून तू लिहिलेलं वाक्य ऐकवलं, लग्नापेक्षा डोळा मोठा.

डॉक्टरबाईंनी गाल बघितल्या बघितल्या विचारलं, काय लावत होतीस? टीना माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग तिनं सांगितलं, मावशीच्या बोलण्यासकट सगळं. येताना जीपमध्ये मोहनबाईंनी पदर तोंडाला लावला तो नारायणगाव येईपर्यंत काढला नाही. डोळा वाचलाय. डाग जायला सहा-आठ महिने लागतील, आणि लग्नात त्या गालाला काही लावायचं नाही.

लग्नात मला यशोधराच तयार करेल, नाहीतर मी मांडवात जाणार नाही, असं टीनानं सांगितलं. मोहनबाई शेजारी बसून माझ्या हाताकडे बघत होत्या. केस, डोळे, टिकली, एवढंच केलं. डावा गाल उघडाच ठेवला. तेवढ्यात नवऱ्या मुलाची ती मावशी खोलीत आली. टीनाची हनुवटी धरून तिनं चेहरा खिडकीकडे वळवला आणि हे काय म्हणून विचारलं. मी म्हणणार होते, माझ्या हातून झालं. टीना आधी बोलली. म्हणाली, तुम्हाला मी कमी वाटले, म्हणून रंगासाठी औषध लावलं, त्यानं झालं.

मावशी हनुवटी सोडून बाहेर गेली. बाहेर वाजंत्री थांबली. वरात मांडवाच्या दाराशी अर्धा तास उभी होती, ताई. आम्ही तिघी खोलीत होतो आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. टीनानं माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडी रुतली. बाहेर कोण कुणाला काय म्हणालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग वाजंत्री पुन्हा सुरू झाली आणि मोहनबाई उठून दाराकडे धावल्या.

लग्न लागलं. सासरी तिला कसं वागवतात देव जाणे, अजून पत्र नाही. मोहनबाईंनी माझी माफी मागितली नाही. पण मी गुपचूप निघाले होते, तर मला हाताला धरून परत आणलं, घरच्या बायकांच्या पंगतीत बसवलं आणि शेजारी स्वतः बसल्या. ती दुकानातली बाई समोरच होती. खोलीचा विषय मग निघाला नाही.

काल पार्लर उघडलं. चार वाजेपर्यंत कुणी आलं नाही. मग एक अनोळखी बाई जिना चढून आली, टोमॅटोच्या मार्केटात काम करते म्हणाली. दारातूनच तिनं विचारलं, त्या पोरीचा गाल भाजला तो तुझ्याच हातनं का? मी हो म्हणाले. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, चपला काढल्या आणि खुर्चीत बसली. म्हणाली, मंग आता तू लई जपून करशील.

माझ्या हातून धागा दोनदा तुटला. ती डोळे मिटून तशीच बसली. मी तिसरा घेतला.

रजा मिळाली की ये. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
यशोधरा