इतिहासाच्या तासाला दालचिनी रोल

मंगळवार, १२ सप्टेंबर

आर्डिसने घोळ घातला! एकतीस वर्षं ती शाळा मंडळाची सचिव आहे, आणि काल तिच्या हातून दोन गठ्ठे उलटसुलट स्टेपल झाले. चौथीच्या इतिहासाच्या मथळ्याखाली माझ्या शाळेच्या स्वयंपाकघराचा मेनू, आणि मेनूच्या मथळ्याखाली आमच्या राज्याचा इतिहास. मंडळाने नेहमीप्रमाणे सगळं एकगठ्ठा मंजूर केलं. "सगळ्यांचं हो ना?" "हो." नऊ सेकंद! मक्याची कापणी तोंडावर आलेली, कागद कोण वाचतो?

आता चौथीची मुलं वर्षभर शिकणार – 'सोमवार : चिली आणि दालचिनी रोल. मंगळवार : टर्की आणि ग्रेव्ही.' आणि मी वाढणार – 'आठवडा पहिला : मातीची घरं. दुसरा : टोळधाड. तिसरा : मोठं हिमवादळ.'

मर्लला सांगितलं. जेवता जेवता म्हणाला, "टोळ तळणार की उकडणार?" नवरा एवढंच बोलतो, पण वेळेवर बोलतो.

खूप हसले. मग गठ्ठ्यातलं शेवटचं पान पाहिलं. पुढच्या बैठकीचा विषय : नाताळपासून स्वयंपाकघर बंद, शहरातल्या कंपनीकडून सीलबंद ताटं. सव्वीस वर्षं मी पहाटे कणीक मळते आहे. बंद! हसू कुठल्या कुठे गेलं.

गुरुवार, १४ सप्टेंबर

मॉड साहेबांनी बोलावलं. सगळ्या शाळा त्यांच्या हाताखाली, आणि ते मंडळाच्या हाताखाली.

"लव्हॉन, जे मंजूर झालंय तेच ताटात दिसलं पाहिजे. पुढच्या महिन्यात राज्याचा तपासनीस येतोय."

"साहेब, टोळ?"

"ते तुम्ही बघा. सोबत अर्धा कप फळ किंवा भाजी मात्र असू द्या."

दुरुस्ती म्हणे फक्त एकाच रस्त्याने होते. ज्याने 'हो' म्हटलं, त्यानेच "फेरविचार करा" असा ठराव मांडायचा. म्हणून अध्यक्ष डेनिस उल्फर्सकडे गेले. तो आपल्या पेंडीच्या दुकानात पोती मोजत होता.

"म्हणजे मी न वाचता हात वर केला, हे चारचौघांत सांगू? नोव्हेंबरात निवडणूक आहे, बाई! हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?"

बाकी तिघांचंही तेच. पाचवा सभासद अॅरिझोनाला कायमचा राहायला गेलाय. त्याच्या जागेसाठी कुणी अर्जच भरलेला नाही.

सोमवार, १८ सप्टेंबर

मातीची घरं. काळ्या पावाच्या विटा, घोटलेल्या राजम्याचा चिखल. मुलांनी भिंती बांधल्या आणि छपरासकट खाल्ल्या.

सोमवार, २५ सप्टेंबर

टोळधाड! हिरव्या नूडल्स, वर मनुका, कडेला कोबी. बालवाडी रडली. चौथीने दोनदा मागून घेतलं.

गुरुवार, २८ सप्टेंबर

चौथीच्या मिस रूनी स्वयंपाकघरात आल्या. नवीनच आहेत, ओहायोच्या. चेहरा अगदी उतरलेला.

"मिसेस चाडन, पहिला धडा चिलीचा आहे. मुलं विचारतात, चिलीबरोबर दालचिनी रोल का? आमच्याकडे असं कुणी खात नाही हो!"

खरंच, का बरं? खिमा-राजम्याची तिखट चिली, शेजारी गोड रोल. आम्ही शाळेत खाल्लं, आमच्या मुलांनी खाल्लं. जगात सगळीकडे असंच खातात असं मला वाटायचं! माझ्या आधीच्या आयलाबाई म्हणायच्या, "सरकारकडून फुकटचं पीठ यायचं, त्याचं करायचं काय?" खरं-खोटं देव जाणे. तेवढंच सांगितलं.

दुपारी अख्खी चौथी वह्या घेऊन हजर. पीठ किती, यीस्ट किती, किती वेळ फुगू द्यायचं – सगळं लिहून घेतलं. मी कधी एक ओळ लिहून ठेवली नव्हती. सगळं हातात होतं.

ब्रायली म्हणून एक दात पडलेली मुलगी आहे. म्हणाली, "आणि तुम्ही नसलात की?"

"कणीक तिंबायला घे," म्हटलं.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

तपासनीस आला. ताटात हिमवादळ होतं – उकडलेला बटाटा, पांढरा सॉस, फ्लॉवर. त्याने मंजूर कागद पाहिला, ताट पाहिलं, परत कागद पाहिला. "तंतोतंत!" म्हणाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एकही शेरा नाही.

मंगळवार, १० ऑक्टोबर

कालची बैठक! शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या पुरल्या नाहीत. नागरिकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं, आणि ती मोजायला आर्डिसचं अंडी उकडायचं घड्याळ. पहिले अकरा नागरिक चौथीतले.

ब्रायलीने सफरचंदाचा इतिहास वाचला. फळ ताटात घेतलंच पाहिजे, खायची सक्ती नाही, म्हणून नको असलेलं फळ मुलं वाटपाच्या टेबलावर ठेवतात, ज्याला हवं त्याने घ्यावं. पोचा पडलेलं एक सफरचंद तिने सलग चार दिवस घेतलं आणि चार दिवस परत ठेवलं. "पाचव्या दिवशी मिसेस चाडननी त्याला रोलमध्ये घातलं. मग आम्ही ते खाल्लं." घड्याळ वाजलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मी खुशाल रडत होते.

डेनिसने साहेबांना विचारलं, "स्वयंपाकघर बंद केलं तर इतिहासाचं काय?"

साहेब घाम पुसत म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या... विषय बुडेल."

"मग कंपनीची ताटंच इतिहासही शिकवतील!" हा डेनिस. त्याचं मत बंदच्या बाजूने.

दोन विरुद्ध दोन. निर्णय पाचवा सभासद येईपर्यंत लांबणीवर. आणि पाचव्या जागेला उमेदवारच नाही! मतपत्रिकेवर नुसती कोरी ओळ, वाटेल ते नाव लिहा. गेल्या खेपेला कुणीतरी आमच्या बैलाचं लिहिलं होतं.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

चौथीचा गृहपाठ : रोल बनवणाऱ्या बाईचं चित्र, खाली पूर्ण नाव. किराणा दुकानात तीन जणींनी सांगितलं, आमच्या फ्रिजवर तूच लटकतेयस. कान भलतेच मोठे काढलेत म्हणे. मर्ल आजकाल कॉफी प्यायला रोज गावात जातो. त्याला गावातली कॉफी कधीपासून आवडायला लागली?

बुधवार, ८ नोव्हेंबर

सकाळी आर्डिसचा फोन. "बसली आहेस ना? कोऱ्या ओळीवर दोनशे चौदा जणांनी तुझं नाव लिहिलंय."

"आणि दुसरं कोण?"

"तुमचा बैल. नऊ."

मर्लकडे पाहिलं. तो बुटांच्या नाड्या बांधत होता, बराच वेळ. "मी बैलाला नाही दिलं," म्हणाला.

मी! मंडळावर! तीन विरुद्ध दोन! आता कुणाची टाप आहे स्वयंपाकघराला कुलूप लावायची! आज रोलांवर दुप्पट साखर घातली. तपासनीस गेला खड्ड्यात.

सोमवार, २० नोव्हेंबर

शपथेआधी आर्डिसने सहीसाठी कागद पुढे केले. या वेळी मी एकेक पान वाचलं. चौथ्या पानावर होतं – मंडळाच्या सभासदाला शाळेत नोकरी करता येत नाही. आर्डिस खिडकीबाहेर बघत होती. मी सही केली, आणि स्वयंपाकघराची किल्ली तिच्या टेबलावर ठेवली.