ऐनवेळच्या विषयात जे झालं

प्रिय हेस्टर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच शेगडीत घातलं नसशील, एवढ्या भरवशावर लिहितोय. मार्चपासून आपण चार वेळा समोरासमोर आलो आणि चारही वेळा तू माझ्याकडे दुकानातल्या रिकाम्या फळीकडे पाहावं तसं पाहिलंस. गावाच्या वकिलाने मला बजावलंय, "दावा संपेपर्यंत बहिणीशी बोलायचं नाही, आणि लिहायचं तर मुळीच नाही." आयुष्यभर सांगितलेलं ऐकत आलो, आज पहिल्यांदा मोडतोय. सोमवारी सकाळी दहाला तुझ्या वकिलासमोर शपथेवर माझा जबाब आहे. गावसभेत तुझं तोंड बंद केलं म्हणून तू गावावर दावा लावलास. तो जिंकणार की हरणार, हे बहुतेक माझ्या त्या तासाभराच्या बोलण्यावर ठरेल. ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

इकडचं बरं आहे. दुकानात करवतींना धार लावायला लोक येतात, पण हल्ली बसत नाहीत. पूर्वी दहा मिनिटांच्या कामाला तासभर गप्पा व्हायच्या. आता अर्धे तुझ्या बाजूचे म्हणून गप्प, अर्धे माझ्या बाजूचे म्हणून जास्तच गोड बोलतात. मला गप्प बसणारे परवडतात. गुडघा थंडीत कुरकुरतो. सफरचंदं यंदा बारीक निघाली, पण गोड आहेत.

आई म्हणायची, हेस्टरने गाईंना हाक मारली की शेजारच्या गावातल्या गाईसुद्धा गोठ्याकडे वळतात. तुझ्या आवाजाची सगळ्या गावाला इतकी सवय, की तू हळू बोलू शकतेस हे कुणाला पटायचंच नाही. यंदाच्या सभेत मात्र तू हळू बोललीस. चष्मा लावलास, घडीचा कागद उघडलास, आणि शाळेत धडा वाचावा तशी वाचायला लागलीस. मला ते चांगलं आठवतंय.

एकोणीस वर्षं मी गावसभेचा अध्यक्ष. दर मार्चच्या पहिल्या मंगळवारी आपलं सगळं गाव लाकडी बाकांवर दाटीवाटीने बसतं आणि शेजाऱ्याशी भांडायचं असलं तरी माझ्याकडे तोंड करून भांडतं. तू माझी थोरली बहीण, मला नाक पुसायला शिकवलेली, पण एकदाही न हसता 'अध्यक्षमहाराज' म्हणत आलीस. मला त्याचा केवढा अभिमान होता, हे तुला कधी सांगितलं नाही. रस्त्याच्या खडीवरून, शाळेच्या छपरावरून तू पंचमंडळाची सालटी काढायचीस आणि मी घड्याळाकडे बघत म्हणायचो, "बाईंना अजून एक मिनिट आहे." कुणी कुरकुरलं तर सांगायचो, की इथे नावडतं बोलणाऱ्यासाठीच अध्यक्ष ठेवलाय, आवडतं बोलणाऱ्याला तो लागतच नाही. मोठा शहाणा होतो मी, दुसऱ्याच्या बाबतीत.

यंदाही सभेतली जेवणं झाली, घेवडा संपला, ॲपल-पाय संपला, लोक धारा काढायला घरी गेले. उरलो बावीस जण. ऐनवेळचे विषय आले की ओपल टेप बंद करते, कारण त्यात ठराव होत नाही, नुसतं बोलणं होतं. गावाची कारकून म्हणून तिची ही वर्षानुवर्षांची रीत. कुणाला वाटलं होतं, की एक दिवस त्या नुसत्या बोलण्यावरच कोर्ट बसेल? आता टेप नाही, आणि बावीस माणसांच्या बावीस आठवणी आहेत.

तू वाचलंस, "अध्यक्षमहाराज, बारा फेब्रुवारीला माझ्या शेतावर दूध काढणाऱ्या युसेबिओच्या राहत्या ट्रेलरमध्ये गावचा कॉन्स्टेबल वॉरंट नसताना, न विचारता शिरला." दुसरं वाक्य सुरू झालं आणि मी हातोडा आपटला. म्हणालो, हा सभेचा विषय नाही. तू म्हणालीस, "अध्यक्षमहाराज, मला तीन मिनिटं आहेत, त्यातलं एकही झालं नाही." मी पुन्हा हातोडा आपटला आणि कॉन्स्टेबलला सांगितलं, बाईंना बाहेर न्या. कॉन्स्टेबल म्हणजे माझा रॉइस. ज्याच्याबद्दल कागद होता, त्याच्याच हातून तुला बाहेर काढलं. रॉइस पुटपुटला, "आत्या, चल ना, तमाशा नको." आणि तू म्हणालीस, "हात लावू नकोस बाळा, दार माझं मला सापडतं." त्याला तू बाळा म्हणालीस, ते मला अजून सहन होत नाही.

गावाचा वकील माणूस गोड आहे. समोर बसला, कॉफी प्यायला आणि म्हणाला, "बाई ओरडत होत्या, असंच ना? गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढायचा अध्यक्षाला अधिकार आहे. ती काय बोलली, एवढ्यावरून काढायचा अधिकार नाही. फरक एवढाच आहे, पण सगळा दावा त्यावर आहे." त्याने मला खोटं बोल असं सांगितलं नाही. फक्त भरायला एक जागा रिकामी ठेवली. आणि गाव ती भरायला तयारच आहे. ओपलसुद्धा म्हणते, "हेस्टर आणि हळू? मग माझी मांजर पियानो वाजवते." हेस्टर, सगळे इतक्या खात्रीने सांगतात, की अधूनमधून मलाही तुझा आवाज चढलेला ऐकू येतो. माणूस असाच खोटं बोलायला लागत असेल, आधी स्वतःच्या कानाशी.

रविवारी रॉइस आला होता. सफरचंदं सोलत बसला, एकही खाल्लं नाही. म्हणाला, "बाबा, आत्या हळू बोलत होती असं तुम्ही सांगितलंत तर पुढचा प्रश्न माझ्याकडे येणार. बिल्ला जाईल माझा." मी विचारलं, "दार ठोठावलं होतंस?" "लोटलेलंच होतं. मी नुसता डोकावलो." "आणि त्यांच्या कागदांचा खण? तो का उघडलास?" त्याने पुढचं सफरचंद सोलायला घेतलं. "आत येऊ का, असं विचारलंस?" तेव्हा तो खरोखर चकित होऊन म्हणाला, "त्यांना विचारायचं?" तो वाईट मुलगा नाही, तुझ्याच मांडीवर वाढलाय. पण त्या खणातले कागद त्याने सीमेवरच्या अधिकाऱ्यांना दाखवले आणि आठवड्यात युसेबिओला उचलून नेलं. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि ते कुंपण मी घातलेलं. राज्यघटनेत 'लोकांच्या' घरात असं शिरता येणार नाही असं लिहिलंय, 'फक्त इथे जन्मलेल्यांच्या' असं नाही लिहिलेलं. हे त्याला मी शिकवायला हवं होतं. मी त्याला लाकूड फोडायला शिकवलं.

युसेबिओची बायको नीव्हेस मला पेंडीच्या दुकानात भेटली. कडेवर पोर होतं, नवऱ्याला नेलं तेव्हा रांगत होतं, आता उतरून चालायला बघतं. तिने मला हसून 'गुड मॉर्निंग' म्हटलं. मी कोण हे तिला माहीत नसावं. किंवा असावं. मी पेंड न घेताच परत आलो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते सांगतो. तुला वाटत असेल, ऐनवेळी मुलाचं नाव ऐकून माझा तोल गेला. तसं नाही. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी जेवताना रॉइसने मला सांगितलं होतं, की आत्या उद्या कागद वाचणार आहे, आणि मी सूप संपवून म्हणालो होतो, "बघतो मी." तू तोंड उघडायच्या आधीच मी तुला बाहेर काढायचं ठरवलं होतं. हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नाही. सोमवारी मी हे सांगेन, असा माझा निश्चय आहे. पण मी स्वतःला ओळखतो. रॉइसच मला गाडीने नेणार आहे, बाहेर बाकावर बसणार आहे, आणि 'आठवत नाही' हे फार सोपं वाक्य आहे. म्हणून वरचा शब्दन् शब्द खरा आहे अशी ओपलसमोर शपथ घेऊन मी खाली सही केलीय आणि तिने शिक्का मारलाय. आत काय आहे ते तिने वाचलेलं नाही. सोमवारी माझी जीभ अडखळली, तर हे पत्र तुझ्या वकिलाच्या हाती दे. भाऊ आहे म्हणून मला सोडू नकोस.

तुझाच धाकटा,
ॲल्डन