स्टेपनी कुठे पडली

१४ डिसें., रवि.
अंग दुखतंय, तरी लिहिते. मैत्रीण मीरा नि मी पिकअप घेऊन कर्जतच्या मागच्या डोंगरवाटेला. ओढ्याच्या अलीकडे एका धारदार दगडाने मागचं चाक फाडलं. मीरा खारघरला लोकांचे दात काढते, पण जॅकवर तिचाच हात चांगला. गाडीखालची स्टेपनी काढून लावली. फाटलेलं चाक स्टेपनीच्या जागी साखळीला अडकवलं, मागून दांडा घालून, तो फिरवत वर ओढून घेतलं. मीरा म्हणाली, अजून दोन फेरे दे. हात भरून आले होते. म्हटलं, पुरे. पुढे ओढा, गोटे, खालून दोनदा आपटल्याचा आवाज. उतरून पाहिलं नाही. चौक गावावरून हायवेने विचुंब्याला घरी. बाबांनी विचारलं, कशी झाली सफर. मस्त म्हटलं.

१५, सोम.
उलव्याच्या बांधकामाच्या साइटवर जाताना टायरवाल्या सलीमचाचांकडे थांबले. ते गाडीमागे वाकले नि लगेच उभे राहिले. म्हणाले, "बेटी, नीचे तो सिर्फ चेन है।"
साखळी लोंबत होती. चाक नाही.
आधी नुसती हळहळ. साइटवर पोचेस्तोवर दुसराच विचार. एवढं जड चाक पडलं कुठे? ओढ्यात पडलं असेल तर काही नाही. हायवेवर पडलं असेल आणि मागून कोणी…

१६, मंगळ.
गावच्या ग्रुपवर आलंय. रविवारी संध्याकाळी हायवेवर शेडुंगजवळ बाइकवाला पडला. रस्त्यात 'काहीतरी' आडवं आलं. मांडीचं हाड मोडलं, पनवेलला ॲडमिट. जनार्दन नाव. नर्सरीत कामाला.
मीराला फोन. आपण शेडुंगला किती वाजता होतो? सहाच्या सुमारास, म्हणाली. मेसेजमध्ये वेळ नाही. पुन्हा पुन्हा वाचला. साइटवर कॉलमची मापं दोनदा चुकीची सांगितली. डबा तसाच परत.

१७, बुध.
मीरा दुपारी साइटवर आली. तिचं म्हणणं, त्या रस्त्यावर रोज ट्रकांतून काय काय पडतं. उगाच गळ्यात घेऊ नकोस, केस होईल, लायसन्स जाईल. बरोबर असेल तिचं. पण बोलताना माझ्याकडे बघत नव्हती.
चाक दोघींनी उचललं. फेरे मी दिले.

१८, गुरु.
रजा. सकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते चपला घालून गाडीत जाऊन बसले. चौकपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडा बघत गेलो, मग डोंगरवाट. बाबा ओढ्यात उतरले, काठीने झुडपं बाजूला करत वर-खाली फिरले. या वयात. वाडीत विचारलं, कोणी पाहिलं नाही. शेडुंगला रस्त्यावर काचेचा चुरा होता, बाकी काही नाही.
मी म्हटलं, ओढ्यातून कोणी उचलून नेलं असेल. बाबा म्हणाले, "असंल. नसंल पन. बाय, आता जा न् त्या बाइकवाल्यालाच इचार."

१९, शुक्र.
हॉस्पिटलपर्यंत गेले. बाहेर केळी घेतली. गेटवरूनच परत. केळी गाडीतच आहेत.

२०, शनि.
गेले. जनरल वॉर्ड, खिडकीजवळची खाट. माझ्याच वयाचा, पायाला वजन लावलेलं. बायको शेजारी बसून संत्रं सोलत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. माझ्या गाडीखालचं चाक त्याच रस्त्यावर, त्याच दिवशी पडलं असण्याची शक्यता आहे. घट्ट बसवलं नव्हतं. ठरवलं होतं तसं नीट बोलता आलं नाही.
बायकोचे हात थांबले. मी त्याला विचारलं, काय होतं रस्त्यात?
"काळं होतं. टायर होता का टायरीचा तुकडा, नाय सांगता येनार. समोरून लाइट होती." मग त्यानेच मला विचारलं, "तुमाला कोन इचाराय आल्तं का?"
नाही म्हटलं.
"मंग कशाला आलात?"
त्याने तोंड फिरवलं. बायको दारापर्यंत आली, नंबर लिहून घेतला. काय करायचं ते आमी ठरवू, एवढंच बोलली. रागाने नाही. चांगल्यानेही नाही.

२१, रवि.
फोन आला. त्याच्या बायकोचा. दीर म्हणतो उद्या पोलिसांत जायचं. नवरा म्हणतो नको, ती बाई आपल्या पायांनी आली, तिचं चाक नसंल तर उगाच. दोघांची सकाळपासून वादावादी. मग म्हणाली, "तुमीच सांगा, काय करू?"
मला विचारत होती.
म्हटलं, जाऊ या. मी येते, लिहून देते. ती म्हणाली, धा वाजता हॉस्पिटलच्या गेटवर. फोन ठेवला.
बाबा मळलेला शर्ट बदलून आले, मीपन येतो म्हणाले. उद्याचा शर्ट आजच घातलाय.
पोलीस विचारतील, गाडीत आणखी कोण होतं. खोटं सांगणार नाही. मीराला आधी सांगायला हवं. दोनदा नंबर काढला. आता लावते.
रिंग जातेय.